सुटलेले दोन पैसे : प्रस्तावना

नफा हा शब्द सहकारी बँकेच्या अहवालातही असतो आणि रस्त्याकडेच्या भाजीच्या गाडीवरही असतो. दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच, असे आपण धरून चालतो. बँकेच्या नफा-तोटा पत्रकात एका बाजूला उत्पन्न मांडलेले असते, दुसऱ्या बाजूला खर्च, आणि दोहोंतला फरक म्हणजे निव्वळ नफा. त्या खर्चात शिपायापासून सरव्यवस्थापकापर्यंत सगळ्यांचे पगार आधीच धरलेले असतात. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर भाजी विकणाऱ्या माणसाला धंद्याचे विचारले, तर तो नफा हा शब्द सहसा वापरत नाही. ‘‘दोन पैसे सुटतात,’’ एवढेच म्हणतो. त्याच्या खर्चात मालाची किंमत असते, टेम्पोचे भाडे असते, हमाली असते. पहाटे उठून बाजार गाठणे, माल निवडणे, दिवसभर उभे राहणे आणि संध्याकाळी उरलेला माल पडेल त्या भावाला काढणे, हे मात्र कुठेच मांडलेले नसते. त्या सगळ्याचा मोबदला त्या सुटलेल्या दोन पैशांतच आला. बँकेचा नफा म्हणजे सगळ्यांचे पगार झाल्यावर मागे राहिलेली रक्कम, आणि भाजीवाल्याचा नफा म्हणजे खुद्द त्याचा पगार. शब्द तोच असला तरी ज्या वस्तूला तो चिकटवला आहे ती वस्तू निराळी आहे.

पुढच्या पानांत पैसा मिळवण्याच्या मराठी शब्दांचा विचार आहे. ते शब्द कुठून आले, आज कोण वापरतो, कशासाठी वापरतो आणि त्यांतून काय सांगितले जाते व काय झाकले जाते, हे पाहायचे आहे. छोट्या दुकानदारांच्या वह्या लिहिण्याचे काम मी अनेक वर्षे केले. वहीतल्या शेवटच्या ओळीवर ‘नफा’ लिहिताना समोर बसलेल्या माणसाच्या श्रमांचे काय, हा प्रश्न दर वेळी पडत असे. या लेखनाचा उगम त्या प्रश्नात आहे.

यासाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हाच परिसर का घेतला, तेही सांगायला हवे. पश्चिम किनाऱ्यावर इतका जुना आणि इतका सलग बाजार फार थोड्या ठिकाणी सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. तिथला व्यापार पूर्वी मोकळेपणाने चाले, पण राजवट बदलल्यावर तो अडवला गेला आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे त्यात नोंदले आहे. त्यानंतरच्या काळात कल्याणच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी कान्हेरीच्या लेण्यांना दाने दिली. त्यांची गावे आणि व्यवसाय त्या शिलालेखांत कोरलेले आहेत. ठाणे म्हणजे शिलाहारांचे स्थानक. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याचे वर्णन केले, त्यात कातडे आणि सुती कापड यांच्या व्यापाराची नोंद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, रूळ कल्याणला पोचले. कल्याणहून एक फाटा कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे गेला. घाटावरचा माल आणि घाटावरची माणसे या एका जंक्शनावर उतरू लागली. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याण कॅम्पात आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. भिवंडीचे माग शेजारीच आहेत. डोंबिवलीत पगारदारांची वस्ती झाली, मागोमाग एमआयडीसीचे कारखाने आले. कच्छी, गुजराती, सिंधी, मारवाडी, उत्तर भारतीय, आगरी, कोळी, घाटावरचे आणि कोकणातले, असे सगळे इथे एकाच बाजारात बोलतात. पैशाचे शब्द अशाच ठिकाणी घासून गुळगुळीत होतात.

आता शब्दांकडे वळू. नफा मुळात अरबी आणि फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. मूळ अर्थ उपयोग, हित. फायदा हाही त्याच वाटेने आला. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा मोठा प्रयत्न झाला, विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, तरी बाजारातून हे दोन शब्द कोणी हलवू शकले नाही. त्यांच्या जोडीला संस्कृतातून आलेला लाभ आहे. त्याने व्यापाराबाहेरचा प्रांत राखला. तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा, दर्शनाचा लाभ झाला, असे आपण म्हणतो. तिथे नफा हा शब्द कोणी घालणार नाही, कारण लाभात कोणाकडून काही काढून घेतल्याची भावना नाही. लक्ष्मीपूजनाला चोपडीवर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहितात. मराठी दुकानदार पाडव्याला वहीपूजन करून नवे वर्ष धरतो, तर ठाण्या-कल्याणचा गुजराती व्यापारी लाभपंचमीला दुकान पुन्हा उघडतो. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची जुनी रीत आहे, त्यानंतर दोन, तीन अशी मोजणी चालते. मोजणीची सुरुवात आकड्याने न करता शुभशब्दाने करायची, यामागे एक समज आहे. समोरच्या राशीत माझे कष्ट आहेत, पण पावसाचे, जमिनीचे आणि नशिबाचेही देणे आहे, हे मोजण्याआधी मान्य करायचे. हाताला बरकत असते असे म्हणतो, तेव्हाही मनात हेच असते.

सहकारी बँकेच्या एकाच अहवालात हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी सापडतात. आधी ‘नफा-तोटा पत्रक’ येते आणि त्यापुढे ‘लाभांश’ येतो. मिळवताना तो नफा असतो आणि सभासदांना वाटताना त्याचा लाभ होतो. या परिसरात ही भाषा घरोघरी पोचली ती सहकारी बँकांमुळे. १९७० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत डोंबिवली नागरी, ठाणे जनता आणि कल्याण जनता या बँका उभ्या राहिल्या. पगारदार, शिक्षक, छोटे दुकानदार त्यांचे सभासद झाले आणि वार्षिक सभेत लाभांशाच्या टक्क्यावर प्रश्न विचारू लागले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा नफ्याला वेसण घालणारा कायदा आहे. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि निबंधकांच्या मंजुरीशिवाय पंधरा टक्क्यांच्या वर लाभांश देता येत नाही. नफा झाला म्हणजे तो सगळा वाटून खायचा नसतो, ही समज या कायद्याने लिहून ठेवली आहे.

मिळकत या शब्दाचा प्रवास वेगळा आहे. मिळणे या क्रियापदापासून तो झाला. जे मिळते ती मिळकत, म्हणजे उत्पन्न. आज कागदोपत्री मिळकत म्हणजे घर, जमीन, गाळा. मिळकत पत्रिका, मिळकतकर, स्थावर मिळकत असे आपण लिहितो. दर महिन्याला येणारा पैसा आणि एकदा घेऊन ठेवलेली मालमत्ता, दोन्हींना एकच शब्द पुरू लागला. ज्या परिसरात घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आणि कल्याण-शिळ रस्त्यावर शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तिथे हा बदल रोजच्या बोलण्यात दिसतो. ‘जागेला भाव आला’ हे वाक्य इथे पुष्कळ घरांत पगारवाढीपेक्षा जास्त आनंदाने बोलले जाते. ज्याच्या नावावर काही नाही त्याच्या वाट्याला मात्र या मिळकतीतले काही येत नाही. तो फक्त वाढलेले भाडे भरतो.

कमाई हा शब्द मला या सगळ्यांत सर्वांत मोलाचा वाटतो. कर्म, कम्म, कमावणे असा त्याचा वंश. कमावणे म्हणजे नुसते पैसे मिळवणे नव्हे. कातडे कमावतात, शरीर कमावतात, गवई आवाज कमावतो. कच्च्या वस्तूवर दिवसचे दिवस मेहनत घेऊन ती कामाजोगी करणे हा या शब्दाचा गाभा आहे. म्हणून कमाईत श्रम आपोआप धरलेले आहेत. ‘कष्टाची कमाई’ म्हणताना आपण तेच पुन्हा ठासून सांगतो. ‘वरकमाई’ या शब्दाला वाईट वास येतो तो यामुळेच, कारण तिच्यात काम नसताना पैसा आलेला असतो.

किफायत या शब्दाकडेही लक्ष द्यायला हवे. अरबीत त्याचा अर्थ पुरेसे असणे असा आहे. मराठीत किफायत म्हणजे फायदा, आणि किफायतशीर म्हणजे फायद्याचा किंवा परवडणारा. शेती किफायतशीर नाही असे शेतकरी म्हणतो, तेव्हा भरपूर पैसा मिळत नाही ही त्याची तक्रार नसते. पुरत नाही, एवढेच त्याला सांगायचे असते. गल्ला हा शब्दही धान्यातून आला. फारसीत गल्ला म्हणजे धान्य. आपल्याकडे दुकानातल्या पैशांच्या पेटीला गल्ला म्हणतात आणि दिवसभरात जमलेल्या रकमेलाही गल्लाच. नवख्या दुकानदाराची फसगत इथे होते. गल्ला भरलेला दिसला की त्याला तो नफा वाटतो, आणि महिनाअखेरीस घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायची वेळ आली की त्यातले आपले किती होते ते कळते. जाणता दुकानदार ‘आज धंदा इतका झाला’ म्हणतो आणि सुटले किती ते वेगळे सांगतो.

नामांपेक्षा क्रियापदांत जास्त अर्थ भरलेला आहे. बाजारात बोलतात ते मुख्यतः चार क्रियापदांत. पहिले ‘पडणे’. ‘‘मलाच घरात चाळीसला पडलंय, तुम्हाला तीसला कसं देऊ?’’ इथे पडणे म्हणजे मूळ किंमत, वाहतूक, हमाली, खराब निघालेला माल, सगळे धरून येणारी किंमत. शाळेच्या गणितात जिला एकूण खरेदी किंमत म्हणतात ती हीच. दुसरे ‘परवडणे’. हे गिऱ्हाईकही म्हणते आणि विकणाराही म्हणतो. दोघांनाही परवडले तरच व्यवहार होतो. तिसरे ‘उरणे’. खर्च वजा जाता हातात काय उरले, हा प्रश्न महिन्याचा आणि वर्षाचा आहे. चौथे ‘सुटणे’. अडकलेली वस्तू सुटते. मालात घातलेला पैसा माल विकेपर्यंत अडकलेला असतो. तो मोकळा होऊन हातात येतो आणि सोबत थोडे जास्त घेऊन येतो, तेव्हा दोन पैसे सुटतात. छोट्या व्यापाऱ्याची खरी चिंता भांडवल अडकून पडण्याची असते. ती चिंता या क्रियापदात जशीच्या तशी उतरली आहे. उलट बाजूला खोट खाणे, पदरमोड करणे, आतबट्ट्याचा व्यवहार, मुद्दलात घाटा हे शब्द आहेत. पदरमोड म्हणजे धंद्यात आपल्या घरातले घालणे. ज्या भाषेत तोट्याला इतके नेमके शब्द आहेत, ती बोलणाऱ्यांनी तोटा जवळून पाहिला आहे.

श्रमांचा आणि नफ्याचा हा प्रश्न आजचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याने किती नफा घ्यावा हे ठरवून दिले आहे. देशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर शेकडा दहा. तिथे या नफ्यासाठी ‘आजीव’ हा शब्द आला आहे, म्हणजे उपजीविका. व्यापारी वरचे पाच टक्के घेतो ते त्याला जगायचे असते म्हणून. ज्या शब्दाने तो हक्क दिला, त्याच शब्दाने त्याला मर्यादाही घातली.

दुसरा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लेणे दान दिले आणि भिक्षूंच्या खर्चासाठी ३,००० कार्षापणांची ठेव गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. पाऊण हा अपूर्णांक त्या लेखात ‘पायून’ या रूपात आला आहे. आजच्या मराठी माणसाला तो अर्थ विचारावा लागत नाही. मुद्दल कधी परत मागायचे नाही, फक्त त्यावरची वाढ वापरायची, अशी ती अक्षय ठेव होती. पहिल्या ठेवीचे वर्षाला २४० कार्षापण होतात. ते वीस भिक्षूंच्या चीवरांसाठी, प्रत्येकी बारा. हा हिशेब कातळात कोरलेला आहे. व्याजाला तिथे वृद्धी म्हटले आहे. वाढीदिढी या जुन्या शब्दातली वाढ तीच. पैसा आपोआप वाढतो असे या शब्दावरून वाटते. पण त्याच लेखात विणकरांच्या श्रेणीचे नाव आहे. ते २४० कार्षापण मागावर बसलेल्या माणसांनी कापड विणून उभे केले होते. हा लेख वाचताना दान देणाऱ्याइतकेच त्या विणकरांनाही आठवावे.

आज आपल्या परिसरात हा प्रश्न सर्वांत उघड दिसतो तो पावसाळ्याच्या तोंडाशी. जूनच्या पहिल्या पावसानंतर कल्याण आणि डोंबिवलीच्या स्टेशनांबाहेर, ठाण्याच्या बाजारात आदिवासी बाया रानभाज्या घेऊन बसतात. शहापूर, मुरबाड भागातल्या पाड्यांवरून, कसारा आणि कर्जत बाजूच्या गाड्यांनी त्या येतात. आधी शेवळं येतात, त्यांच्यासोबत काकडं, कारण काकडांच्या आंबटाशिवाय शेवळं घशाला खाजतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी आणि कर्टोली. यांतले पुष्कळसे तराजूने विकले जात नाही. फडक्यावर वाटे लावलेले असतात. पहिल्या गिऱ्हाइकाला ती म्हणते, ‘‘ताई, भवानी करा.’’ भवानीचा पैसा कपाळाला लावून कनवटीला जातो. गिऱ्हाईक म्हणते, ‘‘मावशी, वाटा केवढासा लावलाय! रानातलीच भाजी ना, तुम्हाला कुठं विकत घ्यावी लागते?’’

हा प्रश्न नीट पाहावा. खरेदी किंमत शून्य आहे, म्हणून विक्रीचे सगळे पैसे नफा, असे गिऱ्हाईक मनाशी धरते, आणि वहीखात्याच्या रीतीने ते बरोबरही दिसते. पण आदल्या दिवशी डोंगरावर जाऊन कोंब शोधणे, कोवळे तेवढेच खुडणे, रात्री निवडून जुड्या बांधणे, पहाटेची गाडी पकडणे, ओझे डोक्यावर घेऊन पूल चढणे आणि दुपारपर्यंत उन्हापावसात बसणे, हे सगळे त्या वाट्यात आहे. कोणते पान खायचे आणि कोणते टाळायचे हे पिढ्यांचे ज्ञानही त्यात आहे. तिने नफा कमावला असे म्हणणे चूक आहे. तिने मजुरी मिळवली, आणि तीही बहुधा पुरती नाही.

दुसरे उदाहरण डोंबिवलीच्या पोळी-भाजी केंद्राचे. नोकरीसाठी पहाटे बाहेर पडणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या घरांनी ही केंद्रे वाढवली, आणि गल्लोगल्ली बायकांना त्यांतून उत्पन्न मिळाले. समजण्यासाठी आकडे धरू. एक बाई दिवसाला २०० पोळ्या करते आणि पोळी ८ रुपयांना देते. गल्ला १,६०० रुपये. कणीक, तेल, गॅस, कागद-पिशव्या आणि पोचवणाऱ्या मुलाचे पैसे मिळून समजा ८०० रुपये जातात. उरले ८००. शाळेतल्या रीतीने खरेदीवर काढला तर शेकडा शंभर नफा, आणि ऐकणाऱ्याला वाटते, काय जोरात धंदा आहे! आता हेच काम तिने पोळ्या लाटणाऱ्या बाईला पोळीमागे ३ रुपयांनी दिले असते तर ६०० रुपये मजुरीचे गेले असते. उरले २००. त्यातून स्वयंपाकघराची जागा, तव्या-परातीची झीज आणि गिऱ्हाइकांची महिनाअखेरची थकबाकी काढली, तर नफा म्हणावा असा पैसा किती राहतो हे वाचकाने स्वतः मांडून पाहावे. तिला मिळालेले ८०० रुपये खोटे नाहीत. ते तिचेच आहेत. पण त्यांतले ६०० तिच्या मनगटाचे आहेत, आणि त्यांना नफा म्हटले की मनगट हिशेबातून गळते. मग गिऱ्हाईक भाव पाडून मागते, घरातली माणसे ‘तेवढाच हातखर्च’ म्हणतात, आणि एक दिवस ती आजारी पडली की सगळा नफा थांबतो. मालक अंथरुणाला खिळला तर ज्याचा नफा त्याच दिवशी थांबतो, तो बहुतांशी मजुरीच असतो, ही खूण लक्षात ठेवावी.

शेतीच्या बाबतीत हा विचार सरकारी हिशेबात आला आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादनखर्च तीन पातळ्यांवर मोजतो. एका पातळीवर शेतकऱ्याने प्रत्यक्ष खिशातून घातलेला खर्च, दुसरीवर त्यात घरच्या माणसांच्या श्रमांचे मोल मिळवलेले, आणि तिसरीवर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याजही धरलेले. हमीभाव दीडपट द्यायचा तो यांतल्या कोणत्या खर्चाच्या, यावर देशभर वाद झाला. सरकारने दुसरी पातळी धरली, शेतकरी संघटना तिसरीचा आग्रह धरतात. वाद कोणत्याही बाजूने सुटो, घरच्या श्रमांना किंमत आहे हे तत्त्व तिथे मान्य झाले आहे. मुरबाडचा शेतकरी भात पिकवतो तेव्हा त्याच्या बायकोची लावणी हिशेबात धरली जाते. तीच बाई कल्याणला भाजी घेऊन बसली की तिचे श्रम हिशेबातून नाहीसे होतात. असे का व्हावे?

या शब्दकुळाची काळी बाजूही पाहिली पाहिजे. नफ्याला ‘खोर’ लागले की शिवी होते. दुसऱ्या महायुद्धात धान्य-कापडाची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये साठेबाजी व नफेखोरीला आळा घालणारा वटहुकूम निघाला. तेव्हापासून साठेबाजी आणि नफेखोरी हे शब्द मराठी वर्तमानपत्रांत जोडीनेच येतात. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यातही तरतूद झाली की कर कमी झाला तर त्याचा फायदा किंमत उतरवून गिऱ्हाइकाला द्यायचा. नफा आणि नफेखोरी यांतली रेघ कुठे ओढायची? नुसती टक्केवारी पाहून ती ओढता येत नाही. दुसऱ्याच्या अडलेपणातून आलेला पैसा ही नफेखोरी, आणि दुसऱ्याची गरज भागवून आलेला पैसा हा नफा, अशी ती रेघ बाजारातली साधी माणसे ओढतात. मला ती पटते.

आणखी एका शब्दाचे झालेले हाल सांगायलाच हवेत. दामदुपट हा जुना नियम ऋणकोच्या संरक्षणाचा. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हे धर्मशास्त्रातले तत्त्व मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही पाळले. सावकाराला थांबवणारा हा शब्द आज ‘दामदुप्पट’ होऊन जाहिरातीत आला आहे, आणि काही वर्षांत पैसे दुप्पट करून देतो म्हणणारे त्याचाच वापर करतात. अशा योजनांत पोळलेल्या ठेवीदारांसाठी महाराष्ट्राला १९९९ मध्ये हितसंबंध संरक्षणाचा वेगळा कायदा करावा लागला. या योजनांत अडकणारे निवृत्तीचा पैसा घेऊन आलेले असतात. ते लोभी असतात असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. ‘परतावा’ हा शब्द त्यांना फसवतो. परत येणे म्हणजे आपलेच आपल्याकडे येणे, असा धीर तो शब्द देतो. कोणाच्या श्रमांतून आणि कोणत्या धंद्यातून तो पैसा येणार, हे विचारायचे राहून जाते. नाशिकच्या लेखात विणकरांचे नाव होते. या जाहिरातींत कोणाचेच नसते. ज्या परताव्यामागे काम करणारा माणूस दाखवता येत नाही, त्यासाठी पैसे देऊ नयेत.

‘ना नफा ना तोटा’ हे शब्दही या परिसराच्या ओळखीचे आहेत. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे वाटप मुंबईबाहेर ठाणे जिल्ह्यातही पसरले. शेजारपाजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची यादी भरतात, माल एका ठिकाणी उतरतो आणि सभासद स्वतः तो वाटून घेतात. मधला नफा टळतो, म्हणून माल रास्त भावात मिळतो. इथेही श्रम आहेत. फरक असा की ते सभासदांनी जाणून, आळीपाळीने आणि आपखुशीने दिलेले आहेत. कोणी ते गृहीत धरलेले नाहीत. ना नफा ना तोटा हे तत्त्व तिथेच टिकते जिथे फुकट राबणारा एकच माणूस नसतो.

पुढच्या भागांत एकेक शब्द घेऊन त्याचा वापर मांडला आहे. अभ्यासकाला त्यात शब्दांचा इतिहास सापडेल, पण माझी धडपड मुख्यतः दोन वाचकांसाठी आहे. एक, जो विकत घेतो. घासाघीस करावी, ती बाजाराची रीतच आहे, पण ‘तुम्हाला काय, सगळा नफाच’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नये. दुसरा, जो विकतो. त्याने, आणि विशेषतः घरातून धंदा करणाऱ्या प्रत्येक बाईने, आपल्या वहीत खर्चाच्या बाजूला एक ओळ वाढवावी : ‘माझी मजुरी’. बाजारात त्या कामाला जो दर आहे तो तिथे लिहावा, आणि त्यानंतरच खाली रेघ ओढून उरलेल्या रकमेला नफा म्हणावे. ती रक्कम कमी भरेल, कधी शून्य, कधी उणे. तरीही ती लिहावी, कारण भाव कधी वाढवायचा, गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणायचे आणि मदतीला माणूस कधी ठेवायचा, हे त्या आकड्यावरूनच कळते.

शाळेतल्या शिक्षकांनाही हेच सांगणे आहे. शेकडा नफ्याची उदाहरणे मुलांना घालताना आपण एकूण खरेदी किमतीत वाहतूक धरतो, हमाली धरतो. दुसऱ्याच्या पाठीला आपण किंमत दिली, ते योग्यच केले. आता त्या उदाहरणात आणखी एक वाक्य घालावे : दुकानदार दिवसभर दुकानात उभा होता, त्याचा रोज किती धरावा? यावर वर्गात वाद होईल आणि मुलांची उत्तरे जुळणार नाहीत. तरीही तो वाद होऊ द्यावा, कारण त्यातल्या कित्येक मुलांच्या आई-वडिलांचा तो रोजचा हिशेब आहे.